एसएसएचमधून एक्स फॉरवर्डिंग : प्रोग्राम तिकडे, खिडकी इकडे

रामबागकर, इंदूर

आमच्या कॉलेजातल्या लिनक्स सर्व्हरवर घरून काम करणाऱ्यांची एकच तक्रार सारखी येते. टर्मिनल नीट उघडतं, पण आलेख किंवा नकाशा दाखवणारा प्रोग्राम सुरू केला की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ म्हणून लगेच बंद पडतो. मग कुणी अख्खा डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर टाकू द्या म्हणतं, कुणी एकेक चित्र उतरवून घेऊन बघत बसतं. खरं तर ज्या एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारा प्रोग्राम) टर्मिनल उघडतं त्यातूनच खिडकीही येते. हे मराठीत एका जागी असावं म्हणून धागा काढतोय. सिमरोलपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत आपली बरीच मंडळी लिनक्सवर आहेत, बडोदा-ग्वाल्हेरकरही इथे येतात. सगळ्यांनी भर घालावी. कमांडी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन.

आधी यंत्रणा. एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांच्या हातून. आज वापरतो तो एक्स११ प्रोटोकॉल सप्टेंबर १९८७ चा. प्रोग्राम एका मशीनवर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर उमटावी, हे तिच्या रचनेतच आहे. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात, तो एक्स सर्व्हर. म्हणजे आपल्या बाबतीत एक्स सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर चालतो आणि कॉलेजातलं ते मोठं मशीन या हिशेबात क्लायंट ठरतं. तिकडचा प्रोग्राम ‘इथे रेघ ओढ, इथे हे चित्र लाव’ असे निरोप पाठवतो, लॅपटॉप ते काढून दाखवतो, आणि तुमची क्लिक उलट्या दिशेने जाते. त्यामुळे सर्व्हरला मॉनिटर जोडलेला नसला तरी काही अडत नाही.

एसएसएच या निरोपांना आपल्या कूटबद्ध जोडणीतून नेतं. एसएसएच कमांडला मोठा (कॅपिटल) एक्स हा पर्याय लावून लॉगिन केलं की सर्व्हरवरचा एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा तिकडे चालणारा भाग, तिथे एक नकली पडदा उभा करतो आणि खिडकी कुठल्या पडद्यावर काढायची ते सांगणाऱ्या डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये ‘लोकलहोस्ट:१०.०’ (लोकलहोस्ट म्हणजे तेच मशीन) लिहून ठेवतो. खऱ्या पडद्यांशी गल्लत होऊ नये म्हणून मोजणी १० पासून. एक्सचे पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकाची दारं) ६००० पासून सुरू होतात, त्यात १० मिळवले की पोर्ट ६०१०, आणि तोही त्या मशीनच्या आतल्या आतच उघडतो. बाहेरून फक्त एसएसएचचा नेहमीचा पोर्ट लागतो. फायरवॉलवाल्यांकडे नवा अर्ज नको.

तपासायचं कसं? लॉगिन झाल्यावर ‘एको डॉलर डिस्प्ले’ करा. उत्तर रिकामं आलं तर फॉरवर्डिंग झालेलंच नाही. १०.० किंवा त्यापुढचा आकडा आला तर ‘एक्सआईज’ चालवा. दोन डोळे तुमच्या पडद्यावर येतात आणि बाण जाईल तिकडे बुबुळं फिरतात. बुबुळं फिरली म्हणजे जाणं आणि येणं, दोन्ही दिशा चालू आहेत.

रिकामं आलं तर बहुधा दोनच कारणं. सर्व्हरवरच्या एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग’ला ‘येस’ नसतं. ओपनएसएसएचचा मूळ स्वभाव ‘नो’ आहे, डेबियन-उबुंटू मात्र ते चालू करूनच देतात. दुसरं, सर्व्हरवर ‘एक्सऑथ’ हा, पडद्याच्या परवानगीची खूण लिहून ठेवणारा छोटा प्रोग्रामच नसतो. कमीत कमी सामान टाकून उभ्या केलेल्या सर्व्हरवर तो हमखास राहून जातो. दोन्ही वेळा लॉगिन करताना एकच ओळ दिसते : ‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०’.

आणि कृपा करून डिस्प्ले व्हेरिएबल हाताने बसवू नका. कुठल्या तरी जुन्या पानावरून ‘एक्स्पोर्ट डिस्प्ले’ची ओळ उचलून बॅशआरसीमध्ये (टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टाकलेली असते, ती एसएसएचने लिहिलेली बरोबर किंमत पुसून टाकते. मुलांच्या खात्यांत मला ही ओळ सर्रास सापडते. ती काढली की बाकी काही न करता खिडकी उघडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘मोठा एक्स चालत नसेल तर मोठा वाय लावा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि सगळे तो डोळे मिटून पाळतात. फॉरवर्डिंग चालू केलं की दार तुमच्या लॅपटॉपचं उघडतं, सर्व्हरचं नाही. तिकडचा प्रोग्राम तुमच्या पडद्याशी बोलू शकतो, आणि एक्सच्या जुन्या रचनेत एक खिडकी दुसऱ्या खिडकीचे बटन दाबणे ऐकू शकते, तिचं चित्र घेऊ शकते. म्हणजे त्या सर्व्हरवर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) असलेला माणूस, किंवा तिथे घुसलेला कुणी, तुम्ही इकडे ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड टंकता तेव्हा ती बटनं वाचू शकतो. मोठा एक्स लावला तर एक्सचं सिक्युरिटी एक्स्टेन्शन मध्ये येतं आणि हे बरंच अडवतं. मोठा वाय म्हणजे ‘या सर्व्हरवर माझा पूर्ण विश्वास आहे’. तो विश्वास खरोखर असेल तिथेच लावा.

मालव्याची_लेक, इंदूर

दादा, मनापासून धन्यवाद. माझा प्रश्न विंडोजचा. लॅपटॉपवर विंडोज आहे, सर्व्हर कॉलेजचा. इंदूरच्या पावसाच्या जुन्या नोंदींवर काम करतेय, आलेख ग्नूप्लॉटमध्ये. पुट्टीतून (विंडोजवरचा एसएसएचचा प्रोग्राम) लॉगिन करते. तुमच्या लेखाप्रमाणे एक्स सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर हवा, पण विंडोजवर तो कुठून आणू?

रामबागकर, इंदूर

ताई, विंडोजवर तो वेगळा टाकावा लागतो. व्हीसीएक्सएसआरव्ही फुकट आहे आणि चांगला चालतो. तो सुरू करताना ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ असा चौकोन दिसेल, त्यात खूण करू नका. कित्येक व्हिडिओंत ती करायला सांगतात, पण पुट्टीतून येणारी खिडकी तुमच्याच मशीनमधून आल्यासारखी येते, त्यामुळे तिची गरज नसते. मग पुट्टीत कनेक्शन, एसएसएच, एक्स११ असं जाऊन ‘एनेबल एक्स११ फॉरवर्डिंग’ निवडा, डिस्प्ले लोकेशनमध्ये ‘लोकलहोस्ट:०’ टाका आणि सेशन सेव्ह करा.

एकाच पॅकेजमध्ये सगळं हवं असेल तर मोबाएक्सटर्म आहे. त्यात एक्स सर्व्हर आतच असतो. विंडोज ११ असेल तर आणखी सरळ रस्ता म्हणजे डब्ल्यूएसएल, विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय. त्यात उबुंटू टाकलं की पडदा आपोआप जोडलेला येतो, आणि तिथल्या टर्मिनलमधून एसएसएच मोठा एक्स लावून जायचं.

मॅकवाल्यांसाठी : २०१२ च्या माउंटन लायनपासून ॲपल एक्स११ सोबत देत नाही. एक्सक्वार्ट्झ टाका आणि एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर डिस्प्ले व्हेरिएबल भरत नाही.

जुना_युनिक्सवाला, ग्वाल्हेर

रामबागकरांनी विश्वासाचा मुद्दा नेमका मांडला. त्याला थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण आम्ही हे सगळं एसएसएच यायच्या आधी केलेलं आहे.

त्या वेळी टेलनेटने लॉगिन व्हायचं, पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. मग आपल्या वर्कस्टेशनवर ‘एक्सहोस्ट प्लस’ म्हणायचं, म्हणजे कुणीही यावं आणि माझ्या पडद्यावर खिडकी उघडावी. तिकडे डिस्प्ले व्हेरिएबल हाताने लिहायचं. (रामबागकर काढायला सांगतात त्या ओळीचं मूळ हेच.) निरोप पोर्ट ६००० वर सरळ, उघडे. एकाच नेटवर्कवरचा दुसरा माणूस तुमच्या टर्मिनलमध्ये काय टंकलं जातंय ते वाचू शकायचा. तातू युलोनेनने १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात एसएसएच लिहिलं, ते तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यानंतरच.

एसएसएच कुकीचं काय करतं तेही सांगतो, कारण ते फार सुबक आहे. तुमच्या एक्स सर्व्हरकडे १२८ बिटांची एक गुप्त खूण असते, मॅजिक कुकी म्हणतात. जो ती दाखवेल त्यालाच आत घ्यायचं. एसएसएच ही खरी खूण तिकडे पाठवतच नाही. ते एक खोटी खूण तयार करतं, सर्व्हरवर एक्सऑथकडून तिथल्या तुमच्या खात्याच्या घरच्या (होम) डिरेक्टरीतल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये ती लिहवून घेतं, आणि प्रोग्राम ती खोटी खूण घेऊन बोगद्यातून आला की तुमच्या लॅपटॉपवर तिच्या जागी खरी ठेवतं. जोडणी संपली की खोटी खूण निरुपयोगी. खरी कधी घराबाहेर पडलीच नाही.

याच फाइलमुळे होणारी एक अडचण : डिरेक्टरीचा कोटा भरला की एक्सऑथला ती लिहिता येत नाही आणि ‘एरर इन लॉकिंग ऑथॉरिटी फाइल’ येतं. काल चालत होतं, आज चालत नाही, कुणी काही बदललेलं नाही, अशी तक्रार आली की मी आधी जागा किती उरली ते बघायला सांगतो.

सदरबाजार, इंदूर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक दुरुस्तीवजा पुरवणी : डेबियन आणि उबुंटूवर मोठा एक्स आणि मोठा वाय यांत व्यवहारात फरक राहत नाही. ‘फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड’ त्यांनी मुळातच ‘येस’ ठेवलंय, कारण निर्बंधांखाली बरेच प्रोग्राम कोसळतात. तेव्हा उबुंटू लॅपटॉपवरून ‘मी तर मोठा एक्स लावतो, मी सुरक्षित’ असं कुणी समजू नये. स्वतःच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ते ‘नो’ करावं लागेल.

आणि ‘नो’ केल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. निर्बंधित फॉरवर्डिंगची मुदत २० मिनिटं असते. आधी उघडलेली खिडकी चालू राहते, पण त्यानंतर नवी उघडायला गेलात तर नकार येतो. लोक याला नेटवर्कची गडबड समजतात. ‘फॉरवर्डएक्स११टाइमआउट’ वाढवा.

बाकी, ‘फॉरवर्डएक्स११ येस’ सगळ्या होस्टसाठी कधीही लिहू नये. ज्या एका मशीनवर लागतं तिच्या नावाखालीच लिहावं. गिटचा सर्व्हर, भाड्याचा क्लाउड, मित्राचं मशीन, कुठेही गेलात तरी आपला पडदा तिकडे जोडून देण्याचं काही कारण नाही.

रामबागकर, इंदूर

पूर्ण सहमत. माझ्या लिहिण्यात डेबियनचा हा भेद यायलाच हवा होता, तुम्ही आणलात ते फार बरं झालं. आमच्याकडे बहुतेकांचे लॅपटॉप उबुंटूचेच आहेत.

दांडियाबाजार, बडोदा

वेगावर कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे याच कारणावरून लोक एक्स फॉरवर्डिंग सोडून देतात.

मंद चालण्याचं खापर सगळे ‘नेट स्लो आहे’वर फोडतात. घरी फायबर आहे, १०० एमबीचा प्लॅन आहे, तरी मेनू उघडायला वेळ लागतो, कारण दुखणं रुंदीचं नाही, फेऱ्यांचं आहे. एक्सचे प्रोग्राम विचारतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात. एकाच इमारतीत एक फेरी एक मिलिसेकंदाच्या आत होते. घरून ती ४० मिलिसेकंदांची धरली आणि प्रोग्रामने सुरू होताना २०० वेळा थांबून विचारलं, तर नुसत्या वाट बघण्यात ८ सेकंद गेले. प्लॅन दुप्पट केला तरी ८ सेकंद ते ८ सेकंदच. मोठा सी लावून कॉम्प्रेशन करतात, त्याने डेटा कमी होतो, फेऱ्या तितक्याच राहतात.

शिवाय आताचे जीटीके, क्यूटी (खिडक्या-बटनं बनवायच्या तयार लायब्ररी) वापरणारे प्रोग्राम रेघेचा निरोप पाठवतच नाहीत, स्वतः सगळं रंगवून तयार चित्र पाठवतात. त्यामुळे जुना एक्सटर्म किंवा ग्नूप्लॉटची एक्स११ खिडकी घरून झकास चालते, पण ब्राउझर तिकडे चालवून इकडे बघायला जाल तर पान सरकवतानाच वैतागाल.

उपाय प्रोग्राम बघून. साध्या खिडकीला एक्स फॉरवर्डिंगच बरं. रोज तासन्‌तास वापरायच्या प्रोग्रामसाठी एक्सप्रा बघा. तो दोन्हीकडे टाकावा लागतो, एसएसएचमधूनच जातो, खिडक्या आपल्या डेस्कटॉपवर सुट्या दिसतात आणि चित्रं दाबून पाठवतो. अख्खा डेस्कटॉप हवा असेल तर सर्व्हरवर टायगरव्हीएनसी फक्त लोकलहोस्टवर ऐकेल असा लावायचा आणि एसएसएचच्या मोठ्या एल पर्यायाने पोर्ट ५९०१ घरी आणायचा. व्हीएनसीचा पोर्ट बाहेर उघडा टाकू नका, कितीही घाई असली तरी.

त्रिमितीय असेल तर गोष्ट वेगळी. एक्स सर्व्हरमध्ये अप्रत्यक्ष ओपनजीएल १.१७ पासून मुळातच बंद असतं, त्यामुळे असे प्रोग्राम फॉरवर्डिंगवर एक तर उघडत नाहीत किंवा रखडतात. पॅराव्ह्यू (त्रिमितीय माहिती चित्रांत दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी खिडकी आणायच्या भानगडीतच पडू नये. सर्व्हरवर पीव्हीसर्व्हर चालवा, एसएसएचने पाच एक्कांचा, म्हणजे १११११ क्रमांकाचा पोर्ट घरी आणा, आणि लॅपटॉपवरच्या पॅराव्ह्यूने त्याला जोडा. दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी. गणित तिकडे होतं, खिडकी मुळातच इकडची असते.

मालव्याची_लेक, इंदूर

दोन्ही दादांना आणि काकांना धन्यवाद! व्हीसीएक्सएसआरव्ही आणि पुट्टी जमलं. एक्सआईजचे डोळे फिरले, ग्नूप्लॉटची खिडकीही आली.

दोन अडचणी. काल संध्याकाळी गडगडाट झाला, आमच्याकडची लाइट गेली, राउटर बंद पडला आणि खिडकीबरोबर चाललेलं कामही गेलं. आणि आलेखाला मराठी शीर्षक दिलंय, ‘इंदूरचा पाऊस’, त्या जागी नुसते चौकोन दिसतात. माझ्या विंडोजवर मराठी फॉन्ट आहेत, मंगल आहे, तरी असं का?

दांडियाबाजार, बडोदा

पहिल्याचं सांगतो. एक्स फॉरवर्डिंगमध्ये जोडणी तुटली की प्रोग्रामचा पडदाच नाहीसा होतो आणि तो मरतो. टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्राम) आत चालवलात तरी वाचत नाही, टीमक्स फक्त टर्मिनल सांभाळतं. म्हणून लांबलचक गणित आणि खिडकी कधी एकत्र ठेवू नये. गणित टीमक्समध्ये, निकाल फाइलमध्ये, आणि खिडकी फक्त तो निकाल बघण्यापुरती. एकत्रच ठेवायचं असेल तर एक्सप्रा : जोडणी तुटली तरी प्रोग्राम तिकडे जिवंत राहतो, लाइट आली की परत ‘अटॅच’ करायचं.

लाइट न जाताही थोडा वेळ हात न लावल्यावर जोडणी तुटत असेल तर पुट्टीत कनेक्शनखाली ‘कीपअलाइव्ह’ ६० सेकंदांवर ठेवा. लिनक्सवाल्यांनी ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’.

जुना_युनिक्सवाला, ग्वाल्हेर

बेटा, दुसऱ्याचं उत्तर : फॉन्ट आता प्रोग्राम जिथे चालतो तिथलेच लागतात. फार पूर्वी अक्षरं एक्स सर्व्हर काढायचा, तेव्हा ते पडद्याच्या बाजूला असावे लागत. आताचे प्रोग्राम फॉन्टकॉन्फिगला विचारून स्वतः अक्षर रंगवतात आणि चित्र पाठवतात. तुझ्या मंगलपर्यंत प्रश्नच पोहोचत नाही. सर्व्हरवर लोहित देवनागरी किंवा नोटो देवनागरी टाकायला सांग. स्वतःच्या खात्यापुरतं हवं असेल तर घरच्या डिरेक्टरीत ‘डॉट लोकल’मधल्या ‘शेअर’खाली ‘फॉन्ट्स’ करून त्यात फाइल ठेव आणि ‘एफसी-कॅश’ चालव. ‘एफसी-लिस्ट’ला मराठीसाठी ‘कोलन लँग इज इक्वल टू एमआर’ विचारलंस की कोणकोणते फॉन्ट सापडतात ते दिसेल.

मग ग्नूप्लॉटला ‘एक्स११’ऐवजी ‘क्यूटी’ किंवा ‘डब्ल्यूएक्सटी’ टर्मिनल दे. जुन्या एक्स११ टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसत नाहीत. सर्व्हरवरचं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना तेही बघ.

किल्ल्याखालचा, ग्वाल्हेर

वाचतोय, खूपच कामाचं. माझी अडचण : खिडकी साध्या खात्यात उघडते, पण सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावलं की परत ‘कान्ट ओपन डिस्प्ले’.

सदरबाजार, इंदूर

सुडो केल्यावर तुम्ही रूट झालात, आणि खोटी खूण तुमच्या घरच्या डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये आहे, रूटच्या नाही. सुडोच्या ओळीत ‘एक्सऑथॉरिटी’ व्हेरिएबलला तुमच्या त्या फाइलचा पत्ता दिला की उघडेल. डिस्प्लेही सुडोबरोबर पुढे जातोय ना ते पाहा. ‘एक्सहोस्ट प्लस’ करून सोडवू नका, वर काकांनी सांगितलेला तो जुना उघडा दरवाजा आहे. पण रूट म्हणून खिडकीवाला प्रोग्राम चालवायची गरज आहे का तेही बघा. फक्त कॉन्फिग फाइल बदलायची असेल तर ‘सुडोएडिट’ पुरतं.

दांडियाबाजार, बडोदा

आणखी एक नोंद, शोधत येणाऱ्यांसाठी. सगळं बरोबर आहे, एक्सऑथ आहे, ‘येस’ आहे, तरी चॅनल ० वालीच ओळ येते, असं असेल तर सर्व्हरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलंय का बघा. ते अर्धवट बंद असलं की एसएसएचडीला तो नकली पडदा उभा करता येत नाही. एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये ‘ॲड्रेसफॅमिली आयनेट’ लिहून सेवा परत सुरू करा.

मालव्याची_लेक, इंदूर

नोटो टाकला, टर्मिनल क्यूटी केलं, शीर्षक नीट उमटलं. काका, ‘पर्जन्यमान’मधला रफारही बरोबर जागी आला. एकच विचारायचं राहिलं : आमचा गणिताचा सर्व्हर कॉलेजच्या आत आहे, बाहेरून फक्त एका गेटवे मशीनवर जाता येतं. मी आधी गेटवेवर लॉगिन करून तिथून आतल्या सर्व्हरवर एसएसएच करते. दोन्हीकडे फॉरवर्डिंग लावावं लागतं का?

रामबागकर, इंदूर

असं केलंत तर हो, दोन्हीकडे, आणि तुमचा पडदा गेटवेलाही दिला जातो, जिथे सगळ्या कॉलेजची खाती आहेत. ते टाळा. डब्ल्यूएसएलमधून जाताना मोठा जे पर्याय द्या, त्यापुढे गेटवेचं नाव आणि मग आतल्या सर्व्हरचं. ओपनएसएसएच ७.३ पासून ही सोय आहे. जोडणी गेटवेमधून जाते, पण कूटबद्धता तुमच्या लॅपटॉपपासून थेट आतल्या सर्व्हरपर्यंत असते. गेटवे नुसते बंद डबे पुढे ढकलतो, त्याला ना खिडकी दिसते ना खूण. तिथे एक्सऑथ असण्याचीही गरज नाही. कॉन्फिगमध्ये आतल्या सर्व्हरच्या नावाखाली ‘प्रॉक्सीजंप’ आणि ‘फॉरवर्डएक्स११ येस’ या दोन ओळी लिहून ठेवा, म्हणजे रोज फक्त ‘एसएसएच’ आणि सर्व्हरचं नाव टंकायचं.